खिडक्या उघडू नयेत

स्वित्झर्लंडच्या आठ दिवसांच्या सहलीचा आराखडा अब्दुलने आणि मी मिळून सहा महिने घासूनपुसून तयार केला होता. बर्फाची शिखरे आणि सरोवरे मी निवडली. त्या देशाच्या पूर्वेकडील एका विणकरांच्या गावातले लहानसे संग्रहालय अब्दुलने. भिवंडीत चाळीस वर्षे लूम चालवलेल्या माणसाची ती निवड होती. निघण्यास तीन आठवडे उरले असताना डॉक्टरांनी त्याला विमानप्रवासास मनाई केली. त्याची फुप्फुसे जेमतेम एक तृतीयांश काम करत होती.

“तू जा, लडकू,” तो म्हणाला. “बघून ये आणि मला रिपोर्ट दे. सजवून सांगू नको. तसं ते तुला जमत पण नाय.”

मी गेलो. शिखरांविषयी मी वाचले होते त्यात काही अतिशयोक्ती नव्हती. चढावरच्या रेल्वेला दोन रुळांच्या मध्ये दातेरी तिसरा रूळ होता. सर्वजण बर्फाचे फोटो काढत असताना मी बराच वेळ तोच पाहत होतो. वर हवा इतकी स्वच्छ होती की तिला कसलाच वास नव्हता.

सातव्या दिवशी ते गाव आले. लाकडी घरे, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आणि त्यांच्या खाली, जमिनीलगत, बुटक्या खिडक्यांची एक रांग. संग्रहालयाची वृद्ध बाई आम्हाला सात पायऱ्या उतरवून तळघरात घेऊन गेली. जमीन उघड्या मातीची आणि ओली होती. मध्यभागी हातमाग होता. आमच्या सहलप्रमुखाने तिचे बोलणे हिंदीत सांगितले: कोरड्या हवेत लिननचा धागा तुटतो, म्हणून विणकर पिढ्यान्‌पिढ्या इथे, खाली बसत आणि उन्हाळ्यातही खिडक्या उघडत नसत. मग त्या बाईने छातीवर हात ठेवून दोनदा खोटे खोकून दाखवले. आमच्या गटातले काही जण हसले.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. समोर डोंगर होता. त्याकडे माझे लक्ष नव्हते.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली, वस्त्रनिर्मितीची पदविका असलेला भिवंडीजवळच्या शेलारच्या कारखान्यांतला बहुधा एकमेव माणूस म्हणून, अब्दुलच्या कारखान्याची पाहणी मी केली होती. अकरा खिडक्यांवर बोल्टने पत्रे बसवून घेतले. दर पाळीत तीन वेळा जमिनीवर पाणी मारायला लावले. हवेतली आर्द्रता पंचावन्नवरून पंचाहत्तर टक्क्यांवर आली आणि सूत तुटण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली गेले. कापसाची भुकटी कुठे जाईल, हे मी मोजले नाही. भिंतीवर स्वहस्ते पाटी रंगवली: ‘खिडक्या उघडू नयेत.’

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी अब्दुलकडे गेलो. सुरैयावहिनींनी दार उघडले. तो ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी उशांना टेकून बसला होता. मी क्रमाने सांगितले. डोंगर, रेल्वे, तळघर. शेवटी अकरा पत्रे.

त्याने नाकातली नळी सरळ केली.

“तुला हे बघायला एवढं लांब जायला लागलं?” तो म्हणाला. “मला तर पंधरा वर्षांपूर्वीच कळलं होतं.”

“मग उघडल्या का नाहीस?”

“सूत तुटलं असतं.” त्याने थोडा दम घेतला. “मला आता सोड. अफनानचं बघ. तो आठ दिवसांपासून खोकतोय. मी बोललो तर म्हणतो, अब्बा, तुमचं वय झालं.”

अफनान हा त्याचा मुलगा. कारखाना आता तोच पाहतो. मी शेलारला पोहोचलो तेव्हा चोवीस लूम सुरू होते. अफनानने माझे म्हणणे आदराने, घड्याळाकडे न पाहता ऐकून घेतले.

“चाचा, एक खोलून बघा,” तो म्हणाला. “मी नाय म्हणणार नाय. पण पाटी तुमचीच हाय. गेल्या ईदला नवीन रंग दिला तिला.”

मी पाना मागून घेतला आणि पश्चिमेकडचा एक पत्रा काढला. ऊन आत आले. त्या उजेडाच्या पट्ट्यात कापसाची भुकटी इतकी दाट होती की पलीकडचा लूम अंधूक दिसत होता. अफनानने तोंडावर रुमाल धरला आणि तो खोकू लागला.

पंधरा मिनिटांत खिडकीजवळच्या लूमवर चार धागे तुटले. अर्ध्या तासात नऊ. कारागीर नवशा, अंजूरचा, आमच्याच गावचा, दर वेळी लूम थांबवून गाठ मारत होता. दहाव्या वेळी तो माझ्यापाशी आला.

“मास्तर, लावा ना तो पत्रा.”

“नवशा, ही भुकटी तुझ्या छातीत जाते.”

“माहीत हाय. आमचा बापूस ह्याच लूमवर व्हता.” त्याने कापडाच्या गुंडाळीकडे बोट दाखवले. “सकाळपासनं चाळीस मीटर झालंय. साठ बाकी हाय. आज न्हाय झालं, तर उद्या ह्या लूमवर दुसरा उभा ऱ्हाईल.”

मी अफनानकडे पाहिले. तो तोंडावर रुमाल धरून दुसऱ्या लूमकडे निघाला होता.

नवशाने पत्रा स्वतःच उचलला आणि चौकटीला लावला. एका हाताने पत्रा आणि दुसऱ्या हाताने पाना, हे एकट्याला जमत नव्हते. पत्रा वाकडा होऊन कोपऱ्यातून फट राहत होती. मी पुढे झालो आणि पत्रा सरळ धरला. त्याने चारही बोल्ट आवळले.