बटणांच्या डब्यातली पांढरी गोळी

मी अमिओडेरॉनची गोळी बोलतेय. पांढरी, चपटी, मधोमध एक रेघ. कारखान्यात माझ्यासारख्या लाखभर एका दिवसात घडल्या. दहाजणींना एका चंदेरी पानात, म्हणजे स्ट्रिपमध्ये, बसवलं आणि सोबत घडी घातलेला एक कागद दिला. त्यावर आमचे अवगुण छापलेले. नोकरीच्या अर्जाला स्वतःचे एवढे दोष कोणी जोडत नाही. तरी मला घेतलं.

घर शिंप्याचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मास्तर कापड कापायचे, त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, काजं-बटणं करायच्या. चाळीस वर्षं असं चाललं, आणि मग मास्तरांचं हृदय बेताल झालं. हृदयाला स्वतःची वीज असते. एका ठिकाणाहून इशारा निघतो आणि पेशी ओळीनं आकसतात. मास्तरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत जो तो इशारे द्यायला लागला. साहेब रजेवर गेल्यावर कचेरीत होतं तसं.

माझं काम साधं आहे. पेशींच्या भिंतीत बारीक दारं असतात. त्यांतून क्षार आत-बाहेर करतात आणि त्यावर ठोका उठतो. मी ती दारं अडवते, मुख्यतः पोटॅशियमचं. मग ठोका देऊन झालेली पेशी जरा दम खाते आणि मध्येच आलेल्या आगंतुक इशाऱ्याला ओ देत नाही. मास्तरांना आणखी एक गोळी होती. तीही पांढरी, पण वेगळ्या खात्यातली. माणूस घाबरला, चिडला की अंगात जो रस उसळतो, त्याचं ती हृदयापाशी काही चालू देत नाही. आम्ही दोघी मिळून हृदयाला आवरतो. प्रमाण चुकलं तर मालकच आवरला जातो.

अवगुण लपवत नाही. मी उन्हात कातडी भाजवते, वर्षानुवर्षं राहिले तर ती निळसर करते. थायरॉइड बिघडवते, कधी वर, कधी खाली. फुप्फुसांना त्रास दिला तर धाप लावते. आणि ठोका सुधारायला आलेली मी क्वचित ठोका बिघडवतेसुद्धा.

कागद वाचून मास्तर म्हणाले, "यापेक्षा आजार बरा."

"आजाराबरोबर कागद येत नाही, म्हणून तसं वाटतं," बाई म्हणाल्या.

बाईंना गोळ्यांची पानं आवडत नसत. त्यांच्याकडे बटणांचा कप्प्यांचा डबा होता आणि डब्याचा नियम एकच: पांढरं पांढऱ्यात, काळं काळ्यात, आकार बघून. एका दुपारी त्यांनी महिन्याच्या सगळ्या गोळ्या पानांतून सोडवल्या आणि त्याच नियमानं लावल्या. मी आणि ती दुसरी एकाच कप्प्यात आलो.

"सकाळी एक पांढरी, संध्याकाळी एक पांढरी," बाईंनी स्वतःला बजावलं.

आकडा बरोबर होता. पण वर होती ती दुसरी, त्यामुळे दोन्ही वेळा तीच हाताला लागत गेली. मी तळाशी. आमच्यातल्या आधी पोटात गेलेल्या मास्तरांच्या अंगात ठाण मांडून होत्याच, कारण आम्ही महिनोन्महिने निघत नाही. त्यात हिचा डोस दुप्पट.

आठव्या दिवशी कोटाची बाही कापता कापता मास्तर थांबले. "अगं, कापड लांब जातंय."

"कापड जागच्या जागी आहे. तुम्ही बसा." थोरली मुलगी मागच्या खोलीत फोनवर बोलत होती.

बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत, टाके मोजतात तसे ओठ हलवत ठोके मोजले. मिनिटाला छत्तीस. पुन्हा मोजले. छत्तीसच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गोळ्या मागितल्या. बाईंनी डबा उघडला.

"पानं कुठायत?"

"फेकली."

"मग यातली कुठली काय आहे, हे कळायचं कसं?"

डॉक्टरीणबाईंनी आमच्या कप्प्यातून चिमट्यानं एक उचललं. "हे तर बटण आहे."

"परवा हे म्हणाले होते," बाई हळूच म्हणाल्या, "आजची जरा कडक लागली."

"आई, निदान भोकं बघून देत जा," थोरली मुलगी म्हणाली.

मास्तरांच्या छातीला तारा लावल्या. दोन दिवस पडद्यावरचा आकडा बघत बाई स्टुलावर बसून होत्या. आकडा एकेचाळीस झाला, पुन्हा अडतीसवर आला. थोरलीनं घरी जाऊन आंघोळ करून ये म्हटलं की त्या म्हणत, "आकडा वर आला की जाते." तिसऱ्या सकाळी तो अठ्ठावन्न झाला. दुसरी गोळी तूर्त बंद केली, मला चालू ठेवलं.

निघताना थोरली म्हणाली, "आजपासून गोळ्या मी देणार. आईनं हात लावायचा नाही."

बाईंनी मान डोलावली. एरवी त्या चहात साखर किती यावरही वाद घालत.

परिचारिकेनं नवं पान थोरलीच्या हातात दिलं. मास्तरांनी तळहात पुढे केला, तो बाईंपुढे.

"तू दे."

"बाबा, अहो, आईनंच तर..."

"आणि मनगट कोणी धरलं? तू त्या वेळी फोनवर होतीस."

बाईंनी चष्मा लावला, पानावरचं नाव बोट ठेवून सबंध वाचलं आणि मग गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मास्तरांनी बाईंचा हात गोळीसकट मुठीत धरला.

आम्हा सुट्ट्यांना आता कोणी ओळखू शकत नाही, म्हणून आमची रवानगी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत झाली. त्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या घरी आमच्यातली कोणी असेल तर तिला तिच्या पानातच राहू द्या. धाप लागली, चक्कर आली, दिव्याभोवती वलयं दिसली तर डॉक्टरांना सांगा, आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका.

पिशवीचं तोंड बांधताहेत. मास्तर दाराशी पोचलेत.

"हळू चला," बाई म्हणताहेत.

"किती हळू? छत्तीसनं की अठ्ठावन्ननं?"

"तोंड बंद ठेवून चला."