खिडकीजवळचा डाग

खोडरबराचा चुरा अजून टेबलावरच होता – राखाडी, बारीक, वळ्यावळ्यांचा. आईनं तो तळहाताच्या कडेनं ओढून एका जागी आणला, ऑफिसात रोज आणते तसाच, आणि मग लक्षात आलं की आता सफाई करून काही उपयोग नाही. मुलगी समोर बसली होती. आदळआपट केली असती तरी परवडलं असतं, पण ही आपली अर्जाच्या शेवटच्या ओळीकडे बघत बसलेली – ‘हे चित्र संपूर्णपणे मी काढले आहे’ – आणि त्याखाली सहीची रिकामी जागा. वास्तुकलेच्या कॉलेजात जागा साठ, अर्ज चार हजार, आणि चित्र आज पाच वाजेपर्यंत नेऊन द्यायचं. घड्याळात पावणेदोन झाले होते.

आणि मी केलं तरी काय एवढं? सकाळी पोरगी आंघोळीला गेली तेव्हा कागद उघडाच पडला होता. ‘तुमच्या घराचा एक कोपरा’ असा विषय, आणि हिनं स्वयंपाकघर काढलेलं. टेबलाचा एक पाय किंचित तिरका होता, तेवढाच सरळ करू म्हणून पट्टी घेतली. टेबल सरळ झालं तर कपाट वाकडं दिसायला लागलं… कपाट झालं तर खिडकी… बावीस वर्षं नकाशे काढण्यात गेली, वाकडी रेघ दिसली की हात थांबत नाही. लोकांना नखं खायची खोड असते, तशी ही. शेवटी खिडकीजवळचा तो डाग – कोपर घासून पेन्सिल पसरली असावी तसा, काळपट, धड आकार नसलेला – तो तिनं मन लावून पुसला. आमच्याकडे डाग असलेला नकाशा साहेब हातात धरत नाहीत. मग खुशीत ऑफिसला गेली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून परत आली, चित्र द्यायला सोबत जावं म्हणून. शाबासकीची अपेक्षा होती… हो, होती.

मुलगी एवढंच म्हणाली होती, की यावर मी सही करणार नाही.

आईचं डोकंच फिरलं. दोन वर्षांची ने-आण, जुन्या प्रश्नपत्रिका, तुझ्याबरोबर मीही टीव्ही सोडला, आणि एका सहीपायी सगळं पाण्यात घालायचं? ती हे सगळं बोलली, वर आणखीही बरंच बोलली. कॉलेजवाले काय भिंग घेऊन बसणार आहेत? बोलता बोलता तिला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला, पण तोंड थांबेना. तो डाग तसाच ठेवून दिला असतास तर पहिल्याच फेरीत घरी आली असतीस, असंही ती म्हणून गेली.

“तो डाग नव्हता, आई,” मुलगी म्हणाली. “ती तू होतीस.”

आईनं कागद उजेडाकडे धरला. पुसलेल्या जागी तो पातळ झाला होता, बोटाला खरखरीत लागत होता. खांदे कुठे होते? डोकं? ऑफिसातून आल्यावर मी पाच मिनिटं खिडकीशी उभी असते, हे हिला ठाऊक आहे? मला वाटायचं, कोणी बघत नाही. पण मी अशी दिसते – इतकी काळपट, इतकी खचलेली, की माझी मलाच ओळख पटू नये? अशी काढली म्हणून मुलीचा रागही आला थोडा, खोटं कशाला बोला.

मुलीनं कोरा कागद टेबलाला चिकटवला. अडीच तासांत होईल, म्हणाली, आणि मग वर न बघताच, “खिडकीपाशी उभी राहा. रोजच्यासारखी.”

ती जाऊन उभी राहिली. मागे पेन्सिलचा आवाज सुरू झाला. टेबलाचा पाय पुन्हा तिरका येणार, कपाट वाकडं… हातांना राहवेना म्हणून तिनं ते खिडकीच्या कडेवर दाबून ठेवले. रोजच्यासारखी म्हणजे कशी? वजन कुठल्या पायावर, नजर समोर की खाली? पाठ ताठ ठेवावी की सोडून द्यावी, तेही काही केल्या आठवेना – आणि आता मागे वळून विचारायचीही चोरी.