सायराकान एजेनं ड्रायरचं नाक दाबलं

खोटं बोलत असेन तर माझे उरलेले चार दात आत्ता पडू देत. त्या दिवशी काराकोल गावातल्या आमच्या लॉन्ड्रीचं दार बाहेरून तीन बायकांनी ओढलं तरी उघडेना, आणि पोस्टमनची टोपी किल्लीच्या भोकाला चिकटून बसली. ती सोडवायला गेलेला पोस्टमनही आत ओढला गेला असता, पण त्याचं पोट आड आलं.

लॉन्ड्री माझी आणि माझ्या थोरल्या नणंदेची, सायराकान एजेची. एजे म्हणजे ताई; आमच्याकडं वयानं मोठ्या कुठल्याही बाईला तसंच म्हणतात. त्या दिवशी दुपारी दोनला तिच्याच लेकीचं, नुरझातचं लग्न. हॉलमध्ये आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाचं लग्न झालेलं, त्यामुळे खुर्च्यांच्या तीनशे कव्हरांवर मेंढीच्या चरबीचे डाग. सकाळी सहाला ती कव्हरं आमच्याकडे आली, आठला धुऊन झाली. मग दोन्ही मोठे ड्रायर लावले. नऊ वाजले, दहा वाजले, कव्हरं ओलीच! पिळली असती तर एका गाईची तहान भागली असती.

एजे रडकुंडीला आली. "तलासहून ती उलबोसुन विहीण येतेय गं, बुरुल! सोयरीक पक्की करायला नुरझातच्या कानात डूल घालायला आली तेव्हा मटणात मीठ कमी लागलं म्हणून केवढं नाक मुरडलं होतं तिनं. आता मळक्या उघड्या खुर्च्या बघितल्या तर माझ्या पोरीला जन्मभर टोमणे मारेल."

मी ड्रायरच्या जाळ्या झाडल्या. छपरावर चढून हवा बाहेर टाकणारा पाइप खरवडला. इतकी रुई निघाली की गोळा केली असती तर उठून 'बें' म्हणाली असती. पण कव्हरं काही सुकेनात. उलट कोपऱ्यातली कोळशाची शेगडी धूर धुराड्यातून वर सोडायचा तो खोलीतच ओकायला लागली. मी ती घाईनं विझवली, एजेला आणि कामाच्या दोन पोरींना ओढत अंगणात नेलं. नेलं म्हणजे काय, चौघींनी खांद्यानं धडका दिल्या तेव्हा कुठं दार उघडलं, आणि आमच्या मागं धाडकन लागलं.

एजेनं डोक्याला रुमाल करकचून बांधला. "डोकं फुटतंय. बघ, वारा लागला मला."

"कुठनं लागला? आत माशीला जांभई द्यायला हवा नाही!"

मशीन बसवणाऱ्या तोक्तोसुनला फोन केला. तो म्हणाला, "एजे, भिंतीत खाली मी ताटाएवढं भोक पाडलंय, जाळीचं. ते मोकळं आहे ना? ड्रायर जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत नको का यायला? थांबा, येतोच मी."

भिंतीपाशी जाऊन बघते तर भोकावर लोकरीचा जाडजूड नमदा! एजेच्या पलंगावरचा.

"हे काय गं, एजे?"

"मग काय करू! नोव्हेंबरचा वारा सरळ कमरेत घुसतो. आत कामाला लग्नाच्या वयाच्या दोन पोरी. त्यांच्या कमरा गारठल्या तर पुढं पाळणे हलतील का?"

"अगं, तीनशे खुर्च्या नागड्या आहेत!"

"राहू देत. नमद्याला हात लावायचा नाही."

अंगणात तिचा समोवार, म्हणजे चहाचा बंब, रटरटत होता. मी ओलं फडकं घेतलं आणि समोवाराच्या बुडाच्या भोकांभोवती घट्ट गुंडाळलं. आतला जाळ दोनदा खोकला आणि बसला.

"अगं मेले, माझा चहा!"

"का बसला जाळ? वरचं धुराडं तर उघडंच आहे की."

एजेनं समोवाराकडं बघितलं. मग नमद्याकडं. मग माझ्याकडं. "चल, ओढ," म्हणाली.

निघतोय कशाचा! नमदा जाळीला असा चिकटलेला की जणू भिंतीला दूध पाजतोय. दोन्ही पोरी आल्या, पोस्टमन आला, शेजाऱ्याचा घोडाही नमद्याला जुंपला. घोडा घामाघूम झाला.

इतक्यात तोक्तोसुन फाटकातून आला, कपाळावर हात मारला. "अहो एजे, आधी मशीन बंद करायचं ना!" असं म्हणत अंगणातला मेन स्विच त्यानं खाली केला. नमदा सुटला, आणि आम्ही सगळे घोड्यासकट अंगणातल्या सफरचंदांच्या ढिगात!

मग पुन्हा स्विच वर. काय सांगू, त्या भोकातून वारा असा आत शिरला की शेजारणीच्या कोंबड्यांची पिसं त्याच्यामागं पळाली. दोन्ही ड्रायर गाणं म्हणायला लागले. अर्ध्या तासात पहिली शंभर कव्हरं कोरडी! एजे कमरेला तोच नमदा गुंडाळून घड्या घालत होती आणि हसत होती.

शेवटची शंभर मशीनमधून निघाली तेव्हा पावणेदोन वाजलेले. चुलीवरून भाकरी उचलावी तशी गरमागरम उचलली, रजयांत गुंडाळून हॉलमध्ये पळवली. पाहुणे दारात कोट उतरवत होते, आणि आम्ही शेवटच्या खुर्च्यांना कव्हरं घालत होतो. हॉल म्हणजे बर्फाचं कोठार.

उलबोसुन आली. बसली. बुडाखालचं कव्हर हातानं चाचपलं. एजेनं माझा हात असा आवळला की बांगडी वाकली.

"विहीणबाई," उलबोसुन डोळे मिटून म्हणाली, "आमच्या तलासमध्ये पाहुण्याला मानाची जागा देतात. पण ती तापवून ठेवतात, हे काही आम्हाला सुचलं नव्हतं."

"आमच्याकडं रीतच आहे तशी," एजे म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही बाईची.

नाच सुरू झाला तेव्हा लोकांनी किती आग्रह केला. पण आपण उठलो की दुसरं कुणी येऊन बसेल, म्हणून उलबोसुन काही उठली नाही. दोन तास बसल्या जागीच खांदे उडवत नाचली, आणि एजेला शेजारी ओढून म्हणाली, "बसा हो, तुम्हीपण शेका जरा!"