जावयाच्या हातातली पानं

"मॅडम, आखाजीला पत्ते खेळले तरी पोलीस पकडतात का?"

हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या बाकावर प्रियलनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला आणि चेलनानं बाकाखालून दिपमालाच्या पायावर पाय दिला. पैज जिंकली होती. मधल्या सुट्टीत दोघींनी तिला डिवचलं होतं, "वक्तृत्वात पहिली आल्यापासून फार उडतेस ना? त्या वकीलबाईंना पत्त्यांचं विचारून दाखव. कचोरी आमच्याकडून." प्रियलच्या काकांचं भुसावळच्या बाजारात फरसाणाचं दुकान, त्यामुळे कचोरी पक्की होती. आणि दिपमालाला हल्ली उभं राहून बोलायला कारण लागतच नसे. जानेवारीत वक्तृत्वाची ढाल घरी आणल्यापासून अकरावीत तिचा हात सगळ्यात आधी वर जायचा.

अ‍ॅडव्होकेट चारुलता महाजन पन्नाशीच्या होत्या. 'कायद्याची ओळख' सांगायला आल्या होत्या आणि तासभर झोपाळलेल्या पोरांपुढे बोलून थकल्या होत्या. हा प्रश्न ऐकून मात्र त्यांनी चष्मा काढला.

"हसू नका रे. खानदेशात हाच प्रश्न पहिला विचारायला हवा. सण आहे म्हणून कायदा सुट्टीवर जात नाही. चारचौघांच्या जागेत पैसे लावून खेळलात तर गुन्हा. मग ती आखाजी असो की दिवाळी."

एवढ्यावर बसली असती तर कचोरी खाऊन विषय संपला असता. पण दिपमालाची जीभ सुटली होती. "पण दंड भरला की मिटतं ना?"

"हे कोणी सांगितलं तुला?"

"सगळेच म्हणतात."

"सगळेच चुकतात." मॅडम टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "नीट ऐका. पोलिसांनी गुन्हा नोंदवला म्हणजे तुम्ही आरोपी. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. तुम्ही तिथे होतात, खेळत होतात, पैसे लावले होते, हे सिद्ध करायचं काम पोलिसांचं. पण कोर्टात तुम्ही 'गुन्हा कबूल' म्हणालात की त्यांचं काम तुम्हीच करून दिलंत. मग दंड होतो. आणि दंड म्हणजे पावती फाडणं नाही. दंड हीसुद्धा शिक्षाच. पुढे कोणी कागदावर विचारलं की तुम्हाला कधी शिक्षा झाली का, तर खरं उत्तर 'हो' असतं."

दिपमाला बसली. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, ते काढायचं कसं ते तिला कळेना. कारण असाच एक कागद तिच्या घरी, देव्हाऱ्याखालच्या फळीवर पडला होता. उद्या द्यायचा होता.

तिचे वडील, प्रेमराज, दीपनगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे पंपावर होते. कोळशाच्या यार्डात पाणी साचलं की उपसायचं, एवढंच काम. अकरा वर्षं तेच. पंपाच्या अंगावर तळहात ठेवून त्याचं बेअरिंग किती दिवस टिकेल हे सांगणारा माणूस, पण घरात रेडिओचा आवाज मोठा झाला तरी "जरा कमी करता का" असं बायकोला विचारणारा. आता ठेका दुसऱ्याला गेला होता. नव्या ठेकेदारानं प्रत्येकाकडून केंद्रात शिरायच्या नव्या पाससाठी अर्ज मागितला होता आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. अर्जातला नववा रकाना होता: आपणास कोणत्याही न्यायालयाने शिक्षा केली आहे काय? हो किंवा नाही.

"नाहीवर टिक मारा भाऊ," सुपरवायझर पितांबर म्हणाला होता. "एवढ्याशा दंडाचं कोण बघतंय."

त्या दंडाची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण गमतीची म्हणून. तीन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई नेहमीप्रमाणे माहेरी गेली होती, धरणगाव तालुक्यात. दुसऱ्या दिवशी प्रेमराज तिला घ्यायला गेले. रस-पुरणपोळीचं जेवण झालं. गावातल्या पारावर डाव पडला होता, तसा तो दर आखाजीला पडायचाच. जावई आला की त्याला पारावर न्यायचं, मानानं शेजारी बसवायचं ही तिथली रीत. सासरे, अभिमन आबा, स्वतः खेळत होते. पाणी प्यायला उठले तेव्हा त्यांनी हातातली पानं जावयाच्या हातात दिली. "धरा जरासं, मी आलोच." तेवढ्यात पोलिसांची जीप आली. पळणारे पळाले. प्रेमराज पळाले नाहीत, कारण आबांनी पानं धरायला सांगितलं होतं.

पोलीस ठाण्यात सात नावं लागली. आबांचं नव्हतं.

महिन्याभरानं कोर्टाचं बोलावणं आलं. जावई तारखांना उभा राहणार म्हटल्यावर आबांना गावात तोंड दाखवणं जड झालं. "हेलपाटे कशाला? कबूल करून मोकळे व्हा. बठ्ठा असंच करतस, गावातले सगळेच." दंड त्यांनीच भरला, जावयाला खिशात हात घालू दिला नाही. आणि घरी आणून पाटावर बसवलं, टॉवेल-टोपी दिली, कुंकू लावलं. टोपी घातलेले वडील फोटोत कसे लाजले होते यावर दिपमाला तीन वर्षं हसत आली होती. आज तिला पहिल्यांदा कळलं की शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षेबद्दल आहेर केला गेला होता, आणि तिथल्या एकाही शहाण्याला ते विचित्र वाटलं नव्हतं.

व्याख्यान संपल्यावर चेलना म्हणाली, "चल, कचोरी." दिपमाला धावत गेली ती फाटकापर्यंत, मॅडमच्या स्कूटरपुढे आडवी.

तिनं सगळं सांगितलं. धापा टाकत, मागचं पुढं करत. मॅडमनी स्कूटर बंद केली.

"त्यांनी स्वतः एकही पान खेळलं नव्हतं?"

"पप्पांना खेळताच येत नाही, मॅडम. घरी रमीत मी हरवते त्यांना."

"मग कबूल का केलं?" मॅडमचा आवाज चढला, पण दिपमालावर नव्हे. "रोज बघते मी हे. सात माणसं ओळीनं उभी राहतात, 'कबूल, कबूल, कबूल', दहा मिनिटांत घरी. बस चुकू नये म्हणून माणूस जन्मभराचा डाग घेऊन जातो. बाळा, तीन वर्षं झालीत. कबूल केलेल्यावर दाद मागणं फार अवघड. जळगावला सत्र न्यायालयात, उशीर माफ करा म्हणून अर्ज देऊन बघता येईल. त्याला जोर यायचा तर ज्यांची पानं होती त्यांनी शपथेवर तसं सांगायला हवं. तरी खात्री देत नाही मी."

"आणि उद्याचा कागद?"

"खरं लिहा. काय घडलं ते खाली दोन ओळीत लिहा. किरकोळ दंड बघून पुष्कळदा पास देतात, कधी नाहीही देत. पण 'नाही' लिहून सही केली आणि पडताळणीत सापडलं, तर पास जाईलच, वर खोट्या माहितीचं नवं लचांड. तेव्हा कोणी म्हणणार नाही की बिचारा पानं धरून बसला होता."

घरी आली तेव्हा चार वाजले होते. पहिली पाळी करून आलेले प्रेमराज ओट्यावर बसून अर्ज भरत होते, शाळेत शिकवलेल्या गोल अक्षरांत. आठव्या रकान्यापर्यंत आले होते.

"थांबा," दिपमाला म्हणाली. दप्तर खांद्यावरच होतं.

तिनं सांगितलं. सुनंदा, तिची आई, हातातली मेथी तशीच धरून दारात आली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला, मग कठीण झाला.

"तुले काय करानं शे मोठ्यांच्या भानगडीत? शाळेत जाऊन घरचं सांगत फिरतेस?"

"कोणाला सांगितलं नाही. एका वकिलाला विचारलं."

"आणि काय, माझ्या बापाचं नाव घालायचं कागदात? सत्तरीच्या माणसाला कोर्टात उभं करायचं?"

"माझ्या बापाला उभं केलं तेव्हा कोणी विचारलं नाही असं."

मेथीची काडी सुनंदाच्या हातात मोडली.

"हळू बोल आईशी," प्रेमराज म्हणाले. "आबांनी जबरदस्ती नाही केली. त्यांनी पानं दिली, मी धरली."

"खेळलात तुम्ही?"

"नाही."

"मग कोर्टात का नाही सांगितलं?"

प्रेमराजांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. आबा मागंच उभे होते, धुतलेलं धोतर नेसून. मी नाही म्हटलं असतं तर साहेबांचा पुढचा प्रश्न काय आला असता? मग पानं कोणाची?" अर्जाकडे बघत ते म्हणाले, "ते कसं सांगणार होतो मी."

दिपमालाला भयंकर राग आला. हायवेवरच्या पत्त्यांच्या क्लबात रोज गाड्या उभ्या असतात, तिथे जीप जात नाही. पारावर जाते, सणाला, पाणी प्यायला उठलेल्या म्हाताऱ्याची पानं सांभाळणाऱ्या माणसाकडे. आबा तीन वर्षं त्याच पारावर बसून जावयाचं कौतुक सांगताहेत. पितांबर म्हणतो कोण बघतंय. आणि अकरा पावसाळे यार्डात पाणी तुंबू न देणारा माणूस इथे ओट्यावर बसून विचारतोय की आपण कसं सांगणार होतो.

"तुमचं सगळ्यांचं एकमेकांना जपणं चाललंय," ती म्हणाली, "आणि पास पप्पांचा जाणार आहे."

शेजारच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मग प्रेमराजांनी अर्ज गुडघ्यावर घेतला, खाली पुठ्ठा धरला आणि नवव्या रकान्यात 'हो'वर खूण केली. खाली जागा थोडी होती, म्हणून त्यांनी अक्षर बारीक केलं. 'जुगार कलम. दंड भरला. मी खेळत नव्हतो.' शेवटचं वाक्य लिहून त्यांनी ते एकदा मनातल्या मनात वाचलं. ओठ हललेले दिसले. कागदावर, सहीच्या वर, हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होते.

"उद्या पास नाही मिळाला तर?" सुनंदानं विचारलं. आवाजातला कठीणपणा गेला होता, भीती राहिली होती.

"तर दुसरीकडे पंप बघीन," ते म्हणाले. "पाणी सगळीकडेच साचतं."

दिपमालानं दप्तर खाली ठेवलं. रुमालानं तोंड पुसलं, वक्तृत्वाच्या आधी पुसायची तसं, आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली.

"मी उद्या शाळेत जाणार नाही. सकाळच्या गाडीनं धरणगावला जाणार, तिथून आजोळी. आबांना सांगणार की पप्पांनी काय लिहून दिलंय, आणि विचारणार की शपथेवर तुम्ही बोलाल का. नाही म्हणाले तर नाही म्हणू देत, पण माझ्या तोंडावर म्हणू देत. आई, तुला यायचं असेल तर ये, तुझे वडील आहेत." मग ती प्रेमराजांकडे वळली. आवाज जरा खाली आला. "पप्पा, तुम्ही मात्र यायचं नाही. तुम्ही समोर असलात की पुन्हा त्यांच्यासाठी गप्प बसाल."