गाडीला टेकलेला कोपर

जुन्या फोक्सवॅगन व्हॅनवर जीव टाकणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये माणसं बावन्न आणि गाड्या सगळ्या मिळून तीन. बाकीचे आम्ही नुसते बघे. कुणाला गॅरेजमागे गंजलेली दिसली, कुणाला सिग्नलला दिसली, की फोटो पडतो आणि समोरची काच अखंड की दोन तुकड्यांची यावरून दिवसभर जुंपते. मी कवळ्या बनवतो, म्हणून ग्रुपमध्ये 'कवळी'. आमचा बुकबाइंडर 'रेडिएटर'. हिचं इंजिन हवेवरच थंड होतं हे ठाऊक नसल्यानं त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "रेडिएटर कुठंय?"

ग्रुपचा नियम एकच, फोटोत फक्त गाडी. मध्ये माणसं नकोत. सगळ्यांनी दिलेले जुने फोटो रेडिएटरनं त्याप्रमाणे कापून एका अल्बममध्ये चिकटवले. तो अल्बम घरोघर फिरतो. या महिन्यात माझ्याकडे आला, तेव्हा मी कौतुकानं धाकट्या बहिणीला दाखवायला बसलो.

एका पानावर तिनं बोट ठेवलं. "दादा, हा कोपर कोणाचा?"

"आईचा. बाबांच्या ट्रंकेत सापडला होता हा फोटो. बंपर बघ, काय..."

आई गेली तेव्हा बहीण अकरा महिन्यांची होती. घर बदलताना आईचे सगळे फोटो हरवले, हेच ऐकत ती साठीला आली. आणि तिच्या दीडशहाण्या भावानं हाती लागलेला एकुलता एक फोटो कापायला दिला होता.

"तुला बंपर दिसला?" ती एवढंच म्हणाली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी लगेच रेडिएटरला फोन लावला. "अहो, कापलेले तुकडे टाकून नाही ना दिलेत?"

"माणसं कशी टाकवतील हो? बिस्किटांच्या डब्यात आहेत सगळी. या."

बहिणीला घेऊन तसाच त्याच्या दुकानात गेलो. आत खळीचा वास भरला होता. टेबलावरची पुस्तकं सरकवून आम्ही डबा उपडा केला. काका, माम्या, नवरदेव, एक कुत्रासुद्धा. कोपर नसलेली बाई मात्र एकच निघाली.

बहिणीनं ती उचलून डोळ्यांजवळ धरली. "हिची हनुवटी माझ्यावर गेलीय बघ," म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मग स्वतःच फणकारली, "अगं बाई, माझी हिच्यावर!" फोटोत आईचा पदर धरून पाच वर्षांचा मी उभा होतो. आई कॅमेऱ्याकडे बघत होती आणि मी तेव्हाही आ वासून गाडीकडेच.

रेडिएटरनं चहा ठेवला. बहिणीनं तुकडा उलटा केला. मागं बाबांच्या अक्षरात तारीख होती. तिनं बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले, तुकडा सुलटा करून आईच्या पोटावर हलकेच अंगठा ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "मी पण आहे यात."