बसता येईना म्हणून

उत्तरेश्वर नऊ महिन्यांचा झाला आणि उभं राहायला शिकला. पण उभ्याचं खाली कसं बसायचं, ते काही त्याला उमगेना. झोपेतसुद्धा धडपडून उठायचा, झोळीची दोरी मुठीत धरायचा आणि पाय थरथरेपर्यंत रडत उभा राहायचा. आडवा केला की पुन्हा उभा. आठ दिवस आमच्या घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. बेंबळीकडच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. आमचे मालक, उत्तरेश्वरचे वडील, गुरं घेऊन छावणीवर गेले होते. मी खडी फोडायची, आणि माझ्या सासूबाई, सारजाबाई, कामावरच्या बायकांची पोरं लिंबाखाली सांभाळायच्या. तीन दांड्यांच्या तिकाटीला लुगड्याची झोळी, अशा पाच झोळ्या तिथं होत्या. चार झोळ्यांतली पोरं दुपारपर्यंत हलायची नाहीत, कारण त्यांच्या आया सकाळी थोडी अफू चाटवून आणायच्या. तेव्हा ते सर्रास चालायचं.

माझ्या आईचं एक पोर अफूनंच गेलं होतं. म्हणून बाळंतपणातच मी सासूबाईंना बजावलं होतं, माझ्या लेकराला अफू द्यायची नाही. त्यांना ते फार झोंबलं.

"आमी सा पोरं वाढिवली अफूवर. मारली का एकबी?"

"न्हाय मारली. पर माज्या पोराला न्हाय द्यायची, आत्या."

मी तोंडाची फटकळ. हे वाक्य मी शेजारणींच्या देखत म्हटलं, आणि पुढं नऊ महिने ते खरं करून दाखवायचा मला चेव होता.

मग एका दुपारी पोर झोळीत उभं राहिलं, झोळी कलंडली आणि ते खडीवर पडलं. भुवई फुटली. रडणं ऐकून सगळ्या बायका हातोडे टाकून धावल्या. मुकादम आला, त्यानं रक्त बघितलं आणि मला सांगितलं, "उद्यापास्नं ह्ये पोरगं निजलेलं तरी पायजे, न्हाय तर तुमी दोघीबी घरी बसा." सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. काही बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्या पोराची भुवई पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पाण्याला गेल्या, तेव्हा मी त्यांच्या पानाच्या चंचीतली अफूची डबी उघडली. नखावर बसेल एवढी अफू काढली, अंगावरच्या दुधात कालवली आणि बोटानं उत्तरेश्वरला चाटवली. डबी होती तशी ठेवली. सासूबाईंना सांगितलं असतं तर नऊ महिन्यांची माझी ऐट एका सकाळी गेली असती. म्हणून गप्प राहिले.

त्या सकाळी लिंबाखालून आवाज आला नाही. मी दुप्पट खडी फोडली. मनातून सुखावले होते, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दुपारच्या सुट्टीत दूध पाजायला गेले. "गप निजलाय," सासूबाई म्हणाल्या, पण माझ्याकडं न बघता. मी त्याला उचलला. मान मागं लोंबली. छातीशी लावला, तर ओठ हलले नाहीत. दुधाचा थेंब तोंडात पिळला, तो गालावरून ओघळला. त्याच्या छातीवर हात ठेवून मी वाट बघत बसले. श्वास आला. मग इतका वेळ आलाच नाही, की मी ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पुन्हा आला.

कामावर पाणी आणणाऱ्या बंडप्पाचा टँकर रिकामा होऊन परत निघाला होता. त्यानं काही विचारलं नाही, आम्हाला आत घेतलं आणि गाडी दामटली. सगळ्या वाटेत मी आणि सासूबाई एक शब्द बोललो नाही. मला वाटत होतं, त्या घाबरल्यात म्हणून गप्प आहेत.

बेंबळीच्या दवाखान्यात महानंदाबाई नावाच्या नर्स होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"ऊन लागलं," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, ऊनच," मी म्हणाले.

नर्सबाईंनी पोराची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्या एकदम कडाडल्या, "अफू कुणी दिली? किती? खरं सांगा, नाहीतर पोर हातचं जाईल."

सासूबाई पुढं झाल्या.

"म्या दिली. कामावर आल्यावर. नखावरची यवढीशीच. काल पडला, म्हनून जीव ऱ्हाईना. हिला ठावं न्हाय, बाई. हिचा लई इरोध हाय."

"एवढ्यानं इतकं होणार नाही. आणखी कितीदा दिली?"

"येकदाच. ह्या लेकराची आन."

नर्सबाईंना ते पटलं नाही. त्या सासूबाईंना बोलत होत्या, आणि सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मी गप्प राहिले असते तर सगळं त्यांच्यावर गेलं असतं. राहिले, तेही सांगते. पोराच्या दोन श्वासांपुरती राहिले. तिसरा श्वास आला नाही.

"म्याबी दिली," मी किंचाळले. "पहाटं! आत्यांच्या डबीतली चोरून. तेवढीच."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

नर्सबाई पोराच्या नाकातोंडावर तोंड ठेवून वारा भरायला लागल्या. डॉक्टरसाहेब धावत आले, सुई दिली. मग आम्हा दोघींना कामाला लावलं. एकीनं तळपायावर टिचक्या मारायच्या, दुसरीनं ओल्या फडक्यानं तोंड पुसत हाका मारायच्या. झोपू द्यायचं नाही. ज्याला निजवायला आम्ही चोरून अफू चाटवली होती, त्याला आम्ही दिवस मावळेपर्यंत ओरडून ओरडून उठवत होतो.

"ऊठ रं माज्या राजा," सासूबाईंचा आवाज बसला होता. "उबा ऱ्हा की. कितीबी उबा ऱ्हा."

दिवे लागायच्या वेळी त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडला. सासूबाई तिथंच फरशीवर बसल्या.

दोन दिवस त्यांनी आम्हाला ठेवून घेतलं. निघताना नर्सबाईंनी झोपमोडीचं सगळं ऐकलं आणि हसल्या. "त्याला उभं राहता येतं, बसता येत नाही. अडकतो म्हणून रडतो. दिवसा झोळीत डांबू नका. खाली सोडा, गुडघे हातानं वाकवून बसायला शिकवा. दिवसभर उठबस केली की आपोआप झोपेल."

कामावर परत आल्यावर सासूबाईंनी तेच धरलं. मुकादमाला काय बोलायचं ते बोलू दे, म्हणाल्या आणि लिंबाखालची खडी वेचून जागा साफ केली. त्याला तिकाटीच्या दांडीला उभा करायचा, मागून गुडघे दुमडायचे, "बूड टेक, बूड टेक," म्हणायचं. पाचव्या दिवशी तो आपला आपण बसला. त्यानंतर गाढ झोपू लागला.

पण मला ती झोप बघवेना. दर सुट्टीला मी धावत यायची आणि त्याच्या तळपायाला चिमटा काढायची. तो दचकून रडायचा. इतर बायका चिडायच्या, निजलेलं पोर कशाला उठवतेस म्हणायच्या. सासूबाई मात्र त्याला उगी करून पुन्हा निजवायच्या. एकदा मला यायला उशीर झाला. लांबूनच उत्तरेश्वरचं रडणं ऐकू आलं. जवळ गेले तर सासूबाई त्याचा पाय हातात धरून बसल्या होत्या.

"आत्ताच चिमटा काडलाय म्या," त्या म्हणाल्या. "रडला. जा, जेव तू."