शेवटचा खर्ज

मी मास्तरांच्या गिटारचा ॲम्प्लिफायर बोलतोय. बोलतोय खरा, पण त्या दुपारचं मला स्वतःला किती आठवतं आणि नंतर लोकांचं ऐकून किती आठवायला लागलं, हे सांगणं कठीण आहे. मला डोळे नाहीत. वायरीतून येईल ते, आणि कोणी जवळ बोललं तर तेवढं, हेच माझं जग.

मास्तर ब्लूज वाजवायचे. बोटानं तार अशी ओढायचे, की दुखणं सांगता सांगता माणूस मध्येच हसतोय असं वाटावं. पुढच्या कितीतरी वादकांनी ती ओढ उचलली. काहींनी तर मास्तरांचं खोकणंसुद्धा उचललं.

घरात मात्र त्यांचा दरारा शून्य. गिटार मांडीवर ठेवूनच त्यांना डुलकी लागायची. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, हाक मारत नसत. सगळ्यात जाड तारेची खुंटी जराशी ढिली करून ती तार छेडायच्या. मी घरघरायचो. लगेच मास्तरांचा हात झोपेतच खुंटीकडे जायचा आणि तार सुरात यायची.

"आहात म्हणायचं," काकू म्हणायच्या. "चहा निवतोय."

त्या दुपारी मास्तर वाजवता वाजवता थांबले. थांबणं हा त्यांच्या वाजवण्याचाच भाग होता, म्हणून मी वाट पाहिली. बऱ्याच वेळानं जाड तारेचा एक सूर आला. ढिला, फार खालचा. तो विरला, आणि पुढे काहीच आलं नाही. मी नुसता गुणगुणत राहिलो. मला कोणी बंद केलं, आठवत नाही.

मास्तर गेले हे मला थेट शोकसभेत कळलं. मी हादरलो. थोरला शिष्य सांगत होता, की तो तेव्हा जिना चढत होता आणि तो सूर त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला. मास्तर वाजवत वाजवत गेले, असं तो म्हणाला. मग त्यानं तोच सूर माझ्यातून वाजवला. काकू उठून बाहेर गेल्या. लोक म्हणाले, सोसवलं नाही.

तेव्हापासून वादक शेवटी जाड तार ढिली करून तो खर्ज लावू लागले. जाणकारांनी त्यावर व्याख्यानं दिली. मला शंका होती, पण एवढ्या विद्वानांपुढे एका खोक्यानं तोंड कशाला उघडायचं? शिवाय माझ्यातून आलेला शेवटचा सूर मास्तरांचा नव्हता, हे मला नकोच होतं.

आता मी शिष्याच्या क्लासात असतो. माझं पुढचं कापड फाटलंय, आवाज अधूनमधून जातो. बऱ्याच वर्षांनी काकू तिथं आल्या. एका मुलीनं गाणं त्या खर्जावर संपवलं. मुलं गेल्यावर काकू शिष्याला हळूच म्हणाल्या, "तो सूर ह्यांचा नव्हता रे."

तो म्हणाला, "काकू, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुला वाटत होतं, तुझी ह्यांच्याशी शेवटची गाठ पडली. कसं सांगणार? खुंटी मी ढिली केली. तार मीच छेडली. ह्यांचा हात काही वर आला नाही."